शनिवारची सही

आई,

आज शाळेच्या पूर्वपरीक्षेचा इंग्रजीचा पेपर काढायला बसलो होतो. व्याकरण झालं, उतारा झाला, शेवटी निबंधाचे विषय राहिले. पाच विषय द्यायचे आणि मुलांनी त्यातला एक निवडायचा, अशी पद्धत आहे. चार लिहिले आणि पाचवा विषय हातानं आपोआपच लिहिला : ज्याचे तुमच्यावर उपकार आहेत अशा एका माणसाविषयी लिहा. दर वर्षी हे असंच होतं. हात तो विषय लिहितो, मग मी तो खोडतो आणि त्याच्या जागी आगगाडीचे फायदे घालतो. आमचे हेडमास्तर एकदा म्हणालेसुद्धा, "अहो, आगगाडीत तुमचं कुणी नोकरीला आहे काय? दर साली तीच." मी नुसता हसलो. त्यांना काय सांगणार? सांगायचं होतं ते तुला, आणि तू जाऊन वीस वर्षं होत आली. म्हणून पेपर बाजूला सरकवून हे लिहायला घेतलं आहे. तुला वाचता येत नव्हतं हे मी विसरलेलो नाही. तुला आयुष्यात तीन अक्षरं तेवढी येत होती, आणि ती कशी आली त्याचाच हा सगळा मजकूर आहे.

मी मॅट्रिकच्या वर्गात होतो ते वर्ष आठव. निपाणीत वखारींच्या मागच्या गल्लीत आपली एक खोली आणि पुढची पडवी. आप्पा मी लहान असतानाच तापाच्या साथीत गेले होते आणि तू वखारीत तंबाखू निवडायला जात होतीस. पान वेगळं, काडी वेगळी, भुकटी वेगळी. दिवसभर ती धूळ नाकातोंडात जायची. संध्याकाळी दारात आलीस की आधी चार शिंका, मग चूल. शिंका ऐकून शेजारची म्हातारी म्हणायची, आली गं बाई वखार घरला. माझी फी माफ होती आणि वह्या-पुस्तकं मागून आणलेली. आपल्या गल्लीतून तोवर कुणी मॅट्रिक झालं नव्हतं. जे दोघं बसले होते ते इंग्रजीत नापास झाले आणि नंतर वखारीत पोती उचलताना दिसायचे. मी इंग्रजीत गेलो तर तिसरा मी, हे तुला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि आपण दोघंही ते कधी बोललो नाही.

इंग्रजीत मुलं जायची ती निबंधात. बाजारात निबंधांची छापील पुस्तकं मिळायची. मुलं ती घोकायची, आणि परीक्षेत विषय जरा तिरका आला की गडगडायची. आमच्या मास्तरांना त्या पुस्तकांचा भारी राग. काळा बंद गळ्याचा कोट, नाकावर चष्मा, आवाज बारीक, पण वर्गात टाचणी पडली तर ऐकू येईल. त्यांनी एक रीत घातली होती, ती मी पुढं कुठल्याच शाळेत पाहिली नाही. दर शनिवारी निबंध लिहून आणायचा. पण इंग्रजीत लिहिण्याआधी तो घरातल्या अशा माणसाला आपल्या बोलीत सांगायचा, ज्याला इंग्रजीचा गंध नाही. त्या माणसाला कळला तर वहीत खाली त्याची सही नाहीतर अंगठा घ्यायचा. सही नसेल तर मास्तर निबंध वाचायचेच नाहीत, वही तशीच परत. "जे तुमच्या चुलीपाशी कळत नाही, ते मुंबईच्या परीक्षकाला काय कळणार?" असं म्हणायचे.

आपल्या घरात दुसरं होतं कोण? तूच. तू भाकरी थापायला बसायचीस आणि मी पाटावर बसून सांगायचो. आणि आई, तू अंगठा देण्यात फार चिकट होतीस. तुझ्या वडलांनी एकदा वाटणीच्या कागदावर अंगठा दिला होता. कागद कानडीत, वाचून दाखवणारा भाऊबंदातलाच, आणि विहिरीकडचं रान पलीकडच्या वाट्याला गेलेलं त्यांना पुढच्या पेरणीला कळलं. तेव्हापासून तुमच्या घरात ते एक शास्त्रच झालं होतं. "कळल्याबिगर अंगठा न्हाय," तू म्हणायचीस. "माझ्या बानं दिलता एकदा." पहिलाच निबंध समुद्रप्रवासाचा होता. मी पुस्तकातला सांगितला, लाटा, सूर्यास्त, शिडं. तू ऐकून घेतलंस आणि विचारलंस, "जहाजात चूल असती?"

"असेल की."

"असंल न्हवं. हाय का न्हाय ते सांग. लाकडाचं जहाज, वर चूल पेटवली तर जळंल की रं."

मी पुस्तकात पाहिलं, त्यात चूल नव्हती. तू अंगठा दिला नाहीस. शेवटी दुसऱ्या दिवशी मी मास्तरांनाच विचारलं. ते हसले नाहीत. खडू खाली ठेवून लोखंडी आगबोटीवर स्वयंपाक कुठं आणि कसा करतात ते त्यांनी अख्ख्या वर्गाला सांगितलं आणि म्हणाले, "ह्या पुस्तकवाल्याला हे सुचलं नाही. याच्या आईला सुचलं." मी घरी येऊन तुला सांगितलं, तेव्हा तू तव्याच्या बुडाला अंगठा घासलास आणि वहीत दाबलास. कधी काजळी जास्त लागून ठसा पसरायचा, मग तू पदरानं पान टिपायचीस आणि ते आणखी काळं व्हायचं. मला सांगायला लाज वाटत नाही, चुलीपाशी बसायच्या त्या वेळा मला फार आवडायच्या. त्या का मोडल्या ते सांगायला मात्र आज चाळिशी उलटावी लागली.

वर्गातली बहुतेक मुलं दुकानदारांची, कारकुनांची, वकिलांची. त्यांच्या वहीत आजोबांच्या मोडीतल्या फर्राट्याच्या सह्या असायच्या. अंगठे तीनच होते आणि त्यात सगळ्यांत काळा माझा. एका शनिवारी वह्या पुढं सरकवताना एका मुलानं माझी वही उघडून नाकाशी नेली आणि म्हणाला, "वास बघा रं. सही न्हाय, चिलीम हाय ही." वर्ग हसला. मीसुद्धा हसलो, आई. तेवढ्यावरच मिटलं असतं तर बरं झालं असतं. पण त्या दिवशी मी घरी येऊन तुला म्हणालो की मास्तरांनी ती सहीची रीत बंद केली.

तू पीठ मळत होतीस. हात थांबला. "बंद का केली? बरी हुती की," एवढंच म्हणालीस.

पुढचे सहा शनिवार मी निबंध तुला सांगितले नाहीत. पुस्तकातून उतरवले आणि खाली तुझं नाव लिहिलं. डाव्या हातानं लिहिलं, म्हणजे नुकतंच शिकणाऱ्या बाईचं वाटावं. पहिलं अक्षर मुद्दाम थोराड केलं, दुसरं ओळीच्या खाली घसरलेलं, तिसऱ्याला उगाच एक शेपूट. पहिल्यांदा करताना दोनदा तुझ्याकडं पाहिलं. तिसऱ्यांदा नाही पाहिलं. सहाव्या वेळी मला ती सही चांगली जमली म्हणून बरंसुद्धा वाटलं. तुझ्या बाजूला बसून मी वही झाकून लिहायचो आणि तू भाकरी उलटताना मधेच विचारायचीस, "ह्या वक्ताला कशावर हाय?" मी काहीतरी तोंडाला येईल ते सांगायचो. तू पुढं काही विचारायची नाहीस. सही नको तर आपलं काय काम, असं तुला वाटलं असावं.

मग तो बाजारचा दिवस. तू मिरच्या पाखडून घेत होतीस, मी पिशवी धरून उभा. समोरून मास्तर आले. आपल्यासारख्यांशी रस्त्यात थांबून बोलायची तेव्हा पद्धत नव्हती, पण ते थांबले. पगडीला हात लावून म्हणाले, "बाई, या वयात सही शिकलात. फार चांगलं केलंत. वर्गात मी सांगितलंय सगळ्यांना." तू माझ्याकडं पाहिलंस. फार वेळ नाही, मिरचीवाल्यानं माप खाली ठेवलं तेवढाच वेळ. ते पाहणं मला अजून दिसतं. तू कधी खोटं बोलल्याचं मी ऐकलं नव्हतं. वखारीत मुकादमापुढं नाही, भाऊबंदांपुढं नाही. तू पदर सारखा केलास आणि म्हणालीस, "व्हय मास्तर. येतंय आता जरा जरा."

घरी आल्यावर मिरच्या सुपात ओतल्यास, हात धुतलेस आणि मग मला समोर बसवलंस. मार मिळेल असं वाटलं होतं. मार मिळाला असता तर आज हे लिहीत बसलो नसतो.

"अंगठ्याची लाज वाटली तुला, व्हय?"

मी मान खाली घातली.

"वाटंना. पोरांच्यात ऱ्हायचं म्हंजे वाटायचीच. पर म्या ऐकलं न्हाय ते ऐकलं म्हणून लिव्हलास तू. माझ्या बाला फशिवलं ते भाऊबंद हुतं रं, पोटचं न्हवं."

मी रडायला लागलो. तू रडू दिलंस. मग चुलीत लाकूड सारून म्हणालीस, "आता मास्तरास्नी व्हय म्हटलंया मी. ते खोटं ऱ्हाऊन चालायचं न्हाय. शनवारपतोर मला शिकव."

पाटी नव्हतीच आपल्याकडं. काठवटीत जोंधळ्याचं पीठ पसरून तू त्यात बोट फिरवायचीस. मी आधी चांगली, सरळ अक्षरं काढून दिली. शाळेत शिकवतात तशी. तू बघितलीस आणि विचारलंस, "मास्तरांनी हीच बघितलीया?" मी नाही म्हणालो. "मग त्यांनी बघितलीया तीच काढ." मी किती समजावलं, ती वाकडी आहे, ती मी मुद्दाम बिघडवलेली आहे, तू नीट शीक. तू ऐकायला तयार नाहीस. मास्तरांनी पाहिली ती सही तुझी, मग तुझी सही तीच. आणि मग माझ्या डोळ्यांदेखत तू माझी लबाडी गिरवू लागलीस. पहिलं अक्षर थोराड, दुसरं घसरलेलं, तिसऱ्याला शेपूट. शेपूट विसरलीस की स्वतःच चुकचुकायचीस आणि पुन्हा काढायचीस. सकाळ-संध्याकाळ असं चार दिवस चाललं. लिहून झालं की पाणी घालून तेच पीठ मळायचीस. तुझं नाव आपण दोघांनी चार दिवस भाकरीतून खाल्लं.

त्या आठवड्याचा निबंध होता, कामावरचा माणूस. मी लोहार निवडला होता, पुस्तकात तयार होता. तू म्हणालीस, लोहार कुठला बघितलास तू, त्याचा भाता कुठल्या हातानं ओढतात सांग. मला सांगता येईना. मग मी म्हणालो, तुझ्यावर लिहू? तुला हसू आलं. "माझ्यावर काय लिव्हायचं? मी काय आगबोट हाय?" पण सांगायला बसलो तेव्हा तूच एकेक दुरुस्त करत गेलीस. पान डाव्या हातानं उचलायचं, उजव्यानं शीर चाचपायची. डोळ्यानं नाही, बोटानं कळतं. ओलसर पान ढिगात गेलं तर सगळा ढीग कुजतो, म्हणून पहिल्या पानाला जेवढं लक्ष तेवढंच शेवटच्या. पोरगं पाजायला बाहेर गेलेल्या बाईच्या वाटचं शेजारणीनं निवडून ठेवायचं आणि ते कुणी कुणाला बोलून दाखवायचं नाही. हे सगळं मला इतकी वर्षं माहीत नव्हतं. मी ते जमेल तसं इंग्रजीत लिहिलं, आखूड वाक्यांत, कारण लांब वाक्यं पुस्तकातली होती आणि तुझ्यासाठी पुस्तकात काही नव्हतं. शनिवारी सकाळी तू टाक हातात घेतलास. निब कागदातून आरपार गेलं, पण सही झाली. हुबेहूब झाली.

मास्तरांनी ती वही बराच वेळ धरली. सहीवरून बोट फिरवलं, पान उलटं करून मागं उमटलेलं भोक पाहिलं. त्यांना काय कळलं आणि काय नाही, ते त्यांनी कधी दाखवलं नाही. तो निबंध त्यांनी वर्गात वाचला. चिलीम म्हणणारा मुलगासुद्धा गप्प बसून ऐकत होता. वही परत देताना मास्तर म्हणाले, "परीक्षेत माणसावर काही आलं तर हेच लिही. दुसरं काही लिहू नकोस." मी हे घरी येऊन सांगितलं तेव्हा तू नुसतं "बरं" म्हणालीस. पण दुसऱ्या दिवसापासून वखारीतल्या हजेरीला तू अंगठा देणं बंद केलंस, आणि टाक मागून घेऊन सही करू लागलीस, हे मला शेजारणीकडून कळलं.

परीक्षेला मी सर्व्हिस मोटारीनं संकेश्वरवरून बेळगावला गेलो. तू दशम्या बांधून दिल्या होत्यास आणि शेंगदाण्याची चटणी. एवढं मोठं गाव मी पहिल्यांदाच बघत होतो. माझ्या उजव्या हाताला एक कोट घातलेला मुलगा होता, त्याच्या खिशात फाउंटन पेन. पेपर हातात आला. निबंधाचे विषय पाहिले, आई, आणि पहिला समुद्रप्रवास होता, आणि तिसरा होता, ज्याचे तुमच्यावर उपकार आहेत अशा एका माणसाविषयी लिहा.

मी तुझ्यावर लिहिलं नाही. तुझं पहिलं वाक्य डोक्यात तयार होतं. टाक दौतीत बुडवला, आणि मला वाटलं, मुंबईत कुणी मोठा माणूस, कदाचित गोरा साहेब, हा कागद हातात घेईल आणि त्याला तंबाखूचा वास येईल. खरं कारण एवढंच. मी समुद्रप्रवास लिहिला. लाटा, सूर्यास्त, शिडं. आगबोटीवरची चूलसुद्धा घातली, ती तेवढी तुझी. समुद्र मी तेव्हा पाहिलेला नव्हता.

परत आलो तेव्हा तू मोटार थांबायची तिथं उभी होतीस. वखारीतून तशीच आली होतीस, पदरावर भुकटी. मी खाली उतरायच्या आत तू विचारलंस, "माझं आलं काय रं?"

"आलं."

"लिव्हलास?"

मी म्हणालो, "व्हय."

तू मास्तरांपुढं म्हणालीस तो व्हय आणि हा व्हय एकच नव्हे. तू तुझा चार दिवसांत खरा केलास. मी पास झालो, यादीत नंबर आला, गल्लीत गूळ वाटला, आणि तू सगळ्या वखारीला सांगितलंस की मुंबईच्या सायबानं तुझ्यावरचं वाचलं आणि पोराला पास केलं. बायका मला थांबवून विचारायच्या, आमचं बी लिव्हलंस व्हय रं त्यात? मी मान हलवायचो. प्रत्येक वेळी वाटायचं, आता सांगावं. पण तुझा चेहरा बघितला की म्हणायचो, जाऊ दे, हिला बरं वाटतंय. मला बरं वाटत होतं, हे जास्त खरं.

तिसऱ्या वर्षी तुझा खोकला छातीत बसला. मी तेव्हा नुकताच शाळेत लागलो होतो, रजा टाकून आलो. शेवटच्या आठवड्यात एका दुपारी तू म्हणालीस, "ते सायबाला लिव्हलेलं सांग की एकदा." मी तुझ्या उशाशी बसलो आणि सांगितलं. पान डाव्या हातानं, शीर उजव्यानं, ओलसर पान, शेजारणीचा वाटा. तू डोळे मिटून ऐकलंस. मधे एकदा मला थांबवून म्हणालीस, बोटानं कळतं ते राहिलं. मी ते घातलं. मग म्हणालीस, "बरूबर हाय." आणि पांघरुणावर बोट फिरवलंस. पहिलं थोराड, दुसरं घसरलेलं, तिसऱ्याला शेपूट. न लिहिलेल्या निबंधाखाली तू सही केलीस, आई. कळल्याबिगर न देणारी तू, आणि शेवटची दिलीस ती अशी. तुझ्या बाला फसवलं ते भाऊबंद होते, पोटचे नव्हते.

इतकी वर्षं इंग्रजी शिकवतो आहे. मुलं पुस्तकातले निबंध घोकून आणतात, मी लाल शाईनं रेघोट्या ओढतो. मास्तरांची ती रीत मात्र मी चालवली नाही. वहीखाली एखादा काळा अंगठा दिसला तर मी तिथं काय करीन, याची मला भीती वाटते. मास्तर गेले तेव्हा त्यांच्या दारापर्यंत जाऊन मी परत फिरलो होतो. आज तो पाचवा विषय मात्र खोडलेला नाही. बघू, कोण काय लिहितं ते.

हे सगळं लिहून झाल्यावर मी ते हळू आवाजात वाचलं, आपल्या बोलीत, रीतीप्रमाणे. तुझी सून आत भाकरी थापत होती, तिला वाटलं मी पेपरच वाचतोय. वाचून संपलं आणि पाहतो तर खाली मी सवयीनं दोन बोटं जागा मोकळी सोडली आहे. तुझी सही मला अजून येते. डावा हातसुद्धा लागत नाही. टाक उचलला होता. मग दौतीचं झाकण लावलं आणि जागा तशीच मोकळी ठेवली.